दोन ओळींचं लग्न, तीन ओळींचा मृत्यू: अमेरिकन खेड्यांतल्या जुन्या साप्ताहिकांत माणसं कशी शोधावीत

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन खेड्यातली शेतकऱ्याची बायको सरकारी कागदांत फार क्वचित भेटते. १७९० ते १८४० या काळातल्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, घरातले बाकीचे सगळे वयोगटाच्या रकान्यातले नुसते आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं (गुलामांचं नाही), पण १८९० च्या जनगणनेतलं १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ काहीच उरलं नाही. जन्ममृत्यूची राज्यभर नोंद ठेवायला मॅसॅच्युसेट्सने १८४१ मध्ये सुरुवात केली. न्यूयॉर्क राज्यात त्यासाठी १८८० उजाडलं आणि पेनसिल्व्हेनियात तर १९०६. दक्षिण कॅरोलायनात लग्नाला परवाना लागू लागला तो १९११ मध्ये! या सगळ्या पोकळीत त्या बाईचं नाव छापून ठेवलं ते गावच्या साप्ताहिकाने. लग्न झालं तेव्हा दोन ओळी, गेली तेव्हा तीन.

या ओळी शोधायच्या कशा आणि वाचायच्या कशा, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली बरीच मराठी मंडळी आपल्या गावच्या इतिहास मंडळात हौसेने काम करतात, त्यांना याचा उपयोग होईल. मुंबई-अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा अभ्यास करणाऱ्यांनाही होईल, कारण ते मिशनरी आणि त्यांच्या बायका बहुतेक न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, छोट्या गावांतून आलेल्या होत्या.

पायरी १: माणसाआधी गाव पक्कं करा

नाव हातात आलं की लगेच शोधपेटीत टाकायचा मोह होतो. थांबा. आधी हे माणूस कोणत्या काउंटीत राहत होतं ते ठरवा. काउंटी म्हणजे आपल्याकडचा लहानसा जिल्हा धरून चाला. तिच्या मुख्य गावी न्यायालय असे, आणि जिथे न्यायालय तिथे छापखाना, कारण सरकारी आणि कोर्टाच्या जाहिरातींवर संपादकाचं पोट चाले. आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या वार्ता त्याच पत्रात येत.

दोन गोष्टी इथेच तपासा. काउंटीच्या सीमा सारख्या बदलत. १८१० मध्ये एका काउंटीत असलेलं गाव १८३० मध्ये दुसरीत असू शकतं. आणि सीमेलगतच्या गावाला शेजारच्या काउंटीचा बाजार जवळ पडत असेल, तर त्याच्या वार्ता शेजारच्या पत्रात जात. नकाशा उघडून नदी आणि रस्ता पाहिला की हे लगेच कळतं.

पायरी २: त्या वर्षी तिथे कोणकोणती पत्रं निघत होती?

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’ या मोफत संग्रहात छापील पानं तर आहेतच, शिवाय १६९० पासूनच्या अमेरिकन वर्तमानपत्रांची सूचीही आहे. राज्य, काउंटी आणि वर्षं घातली की पत्रांची नावं मिळतात आणि त्यांचे अंक कोणत्या ग्रंथालयात आहेत तेही कळतं. माझ्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं साधन ही सूचीच आहे, आणि नवखे लोक नेमकं तिच्याकडे दुर्लक्ष करतात. जे पत्र अजून संगणकावर आलेलंच नाही त्याचा पत्ता तिथेच लागतो. मग मायक्रोफिल्मची रीळं स्थानिक ग्रंथालयामार्फत मागवता येतात.

त्याशिवाय ‘न्यूयॉर्क स्टेट हिस्टॉरिक न्यूजपेपर्स’, इंडियानाचं ‘हूझियर स्टेट क्रॉनिकल्स’, कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोचे संग्रह, हे सगळे मोफत आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या गावांसाठी ‘फुल्टन हिस्टरी’ हा एका हौशी माणसाने उभारलेला प्रचंड साठा पाहायलाच हवा. दिसायला ओबडधोबड आहे, पण इतरत्र न सापडणारी पानं तिथे सापडतात. १८६९ नंतरच्या काळासाठी रोवेलची आणि १८८० नंतर एयरची वार्षिक वर्तमानपत्र-सूची छापील स्वरूपात मिळते. तिच्यात पत्राचा वार आणि राजकीय पक्षसुद्धा दिलेला असतो.

पक्ष महत्त्वाचा आहे. काउंटीच्या गावी अनेकदा दोन पत्रं असत, एक व्हिगांचं आणि एक डेमोक्रॅटांचं (पुढे व्हिगांची जागा रिपब्लिकनांनी घेतली). घरातला कर्ता पुरुष ज्या पक्षाचा, त्या पत्रात वार्ता जाण्याची शक्यता जास्त. दोन्ही पत्रं चाळा. दोन्हीकडे वार्ता मिळाली आणि तपशील वेगळे निघाले, तर ते फायद्याचंच आहे.

पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन वस्तीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिथली कितीतरी पत्रं जर्मन भाषेत आणि गॉथिक वळणाच्या खिळ्यांत (छपाईच्या धातूच्या अक्षरांत) छापलेली होती. इंग्रजी पत्रात कुटुंब सापडलं नाही म्हणून नोंदच नाही, असं समजू नका. ‘फरहायरातेट’ म्हणजे विवाहित आणि ‘गेश्टोर्बेन’ म्हणजे मृत, एवढे दोन मथळे डोळ्यांना ओळखीचे झाले तरी पुष्कळ काम होतं.

पायरी ३: कोणतं पान?

गावचं साप्ताहिक म्हणजे एक मोठा कागद मधोमध दुमडून केलेली चार पानं. हातछपाईच्या काळात बाहेरची बाजू, म्हणजे पान १ आणि ४, आधी छापून ठेवत. गोष्टी, कविता, जुन्या जाहिराती आणि दूरदेशीच्या बातम्या तिथे. आतली २ आणि ३ ही पानं शेवटी छापली जात, त्यामुळे ताज्या आणि गावच्या गोष्टी तिथे येत. म्हणून १८५० पर्यंतच्या अंकात थेट दुसऱ्या-तिसऱ्या पानावर जा आणि ‘मॅरीड’, ‘डाइड’ हे छोटे मथळे शोधा. हौशी संपादक ‘हायमेनिअल’ असा ग्रीक विवाहदेवतेवरून घेतलेला मथळाही देत.

यादवी युद्धानंतर हे चित्र उलटं होतं. विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावच्या ए. एन. केलॉग या संपादकाचे कामगार १८६१ मध्ये युद्धावर गेले, तेव्हा त्याने मॅडिसन शहरातून एका बाजूने आधीच छापलेले कागद मागवले आणि उरलेल्या बाजूवर स्थानिक मजकूर छापला. पुढे १८६५ मध्ये त्याने शिकागोत याचाच धंदा सुरू केला आणि शेकडो खेड्यांतली पत्रं असे अर्धे छापलेले कागद घेऊ लागली. आतली दोन पानं बाहेरून छापून आलेली असतील, तर गावची लग्नं आणि मृत्यू पहिल्या किंवा चौथ्या पानावर गेले! काही पत्रं बाहेरची बाजू छापून घेत, तिथे पुन्हा उलट. आपल्या पत्राचे चार-पाच अंक आधी सावकाश चाळा, स्थानिक मजकूर कुठे येतो ते टिपा, मग शोधाला लागा.

पायरी ४: संगणकाच्या शोधावर विसंबू नका

झिजलेले खिळे, पसरलेली शाई, चिंचोळे रकाने आणि ओळीच्या शेवटी तोडलेली आडनावं. यंत्राने वाचलेला मजकूर अशा पानांवर वारंवार चुकतो. १८१० च्या आधीच्या पानांत लांब ‘एस’ (त्या अक्षराचं जुनं, उंच रूप) असतो, तो यंत्राला ‘एफ’ वाटतो. म्हणून आडनाव मिळालं नाही तर गावाचं नाव आणि पाद्र्याचं नाव टाकून पाहा. आडनावाची जी जी वेडीवाकडी रूपं सुचतील तीही टाका. तरी नाहीच मिळालं तर साल आणि महिना ठरवून अंकामागून अंक डोळ्यांनी वाचा. साप्ताहिकाचे वर्षाला ५२ अंक, त्यातलं एखादं-दुसरं पान पाहायचं. हे काम वाटतं तितकं मोठं नाही, आणि त्यात शेजारी, सोयरे, गावातली साथ, पूर असं सगळं डोळ्यांखालून जातं. शोधपेटीतून एकटी वार्ता उचलणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

पायरी ५: वार्ता शब्दन् शब्द वाचा

हा लेख खरं तर या पायरीसाठीच आहे. त्या काळच्या धाटणीने रचलेला एक नमुना घेऊ. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावचं पत्र, अंकाची तारीख बुधवार, २० मे १८३५:

“डाइड. या गावी, गुरुवारी, १४ इन्स्ट. रोजी, कन्झम्प्शनने, मिसेस अमकी, मिस्टर तमके यांची कॉन्सॉर्ट, वय ३८ वर्षं ४ महिने २० दिवस. ओहायोच्या पत्रांनी कृपया उद्धृत करावे.”

‘या गावी’ म्हणजे पत्र जिथे छापलं जातं ते गाव. वार्ता दुसऱ्या पत्रातून उचललेली असेल तर ‘या गावी’ हे शब्दसुद्धा कधी कधी तसेच उचलले जात आणि वाचणारा फसतो. ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना. ‘अल्ट.’ असतं तर मागचा महिना. हा महिना अंकाच्या तारखेवरून मोजायचा. वार्ता उद्धृत केलेली असेल तर मूळ पत्राच्या तारखेवरून मोजावा लागतो, आणि इथेच एक महिन्याची चूक होते. वार दिला असेल तर जुन्या दिनदर्शिकेशी ताडून पाहा. १४ मे १८३५ हा खरोखर गुरुवार होता, म्हणजे तारीख टिकते.

‘कन्झम्प्शन’ म्हणजे क्षय. ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगावर सूज येणं, बहुतेक हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे. ‘समर कंप्लेंट’ म्हणजे उन्हाळ्यातला लहान मुलांचा जुलाब. एका ऑगस्टच्या अंकांत याच्या चार-पाच नोंदी ओळीने वाचल्या की त्या गावात त्या महिन्यात काय चाललं होतं ते समजतं.

‘कॉन्सॉर्ट’ म्हटलंय, म्हणजे बाई गेली तेव्हा नवरा हयात होता. विधवा असती तर ‘रेलिक्ट’ म्हटलं असतं. या एका शब्दावरून पुढचं काम ठरतं. लहान मुलं असलेला शेतकरी बहुधा लवकर दुसरं लग्न करी, म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांच्या विवाहवार्ता पाहायच्या.

वयावरून जन्मतारीख काढता येते. १४ मे १८३५ मधून ३८ वर्षं वजा केली की १४ मे १७९७. चार महिने मागे गेलं की १४ जानेवारी १७९७. आणखी २० दिवस मागे, २५ डिसेंबर १७९६. महिन्यांचे दिवस कमीजास्त असल्याने एक-दोन दिवसांचा फरक पडू शकतो, तेव्हा ही तारीख ‘वार्तेवरून काढलेली’ अशीच नोंदवा. ‘वयाच्या ३९ व्या वर्षात’ असं छापलं असेल तर वय ३८ धरायचं. यात फार जणांचं एक वर्ष चुकतं.

आणि शेवटचं वाक्य. ओहायोच्या पत्रांनी उद्धृत करावं, हे का? कारण बाईचे भाऊबहीण किंवा मोठी मुलं नव्या जमिनीच्या शोधात ओहायोला गेली होती आणि त्यांना कळवायचा हा स्वस्त मार्ग होता. १७९२ च्या टपाल कायद्याने संपादकांना एकमेकांची पत्रं फुकट पाठवायची मुभा दिली होती, ती १८७३ पर्यंत टिकली. त्यामुळे एका गावची वार्ता शेकडो मैलांवरच्या पत्रात पुन्हा छापली जाई. हे वाक्य दिसलं की समजा, पुढचा शोध कोणत्या राज्यात करायचा ते कुटुंबानेच सांगून ठेवलंय.

विवाहवार्तेतही असेच धागे असतात. ‘बाय द रेव्ह.’ असं पाद्र्याचं नाव असेल तर त्याचं चर्च शोधा, तिथल्या नोंदवहीत जास्त तपशील मिळण्याचा संभव असतो. नावापुढे ‘एस्क्वायर’ असेल तर लग्न बहुधा गावच्या न्यायाधीशाने लावलं, चर्चमध्ये शोधून उपयोग नाही. वधू ‘मिसेस’ असेल तर ती बहुतेक विधवा, आणि दिलेलं आडनाव पहिल्या नवऱ्याचं. ‘ज्युनियर’ पाहून बापलेक ठरवू नका. त्या काळी एका गावात एकाच नावाची दोन माणसं असली तर धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग तो पुतण्या असो वा परका. थोरला वारला की धाकट्याचं ‘ज्युनियर’ गळून पडे, म्हणून तोच माणूस दहा वर्षांनी वेगळ्या नावाने दिसतो.

कधी वार्तेखाली संपादकाचे आभार असतात: केकचा तुकडा मिळाला, वधूवरांना उदंड आयुष्य लाभो. वार्तेसोबत छापखान्यात लग्नाचा केक पाठवायची रीत होती. ती ओळ असेल तर वार्ता घरच्या माणसांकडूनच आली असं मानायला आधार मिळतो. हे बघणं गरजेचं आहे, कारण खोडसाळपणे खोट्या लग्नांच्या वार्ताही छापून येत, आणि म्हणून संपादक पाठवणाऱ्याचं नाव मागत. एखादं लग्न विचित्र वाटलं तर पुढच्या दोन-तीन अंकांत खुलासा आहे का ते पाहा.

पायरी ६: वार्ता नसेल तर शेजारचे रकाने

निधनवार्ता सापडली नाही तरी मृत्युपत्राच्या किंवा मालमत्तेच्या कोर्टाच्या नोटिसा सापडतात. ‘अमक्या मयताकडून ज्यांचं येणं असेल त्यांनी दावे सादर करावेत’, अशी नोटीस आठवडे-महिने चालू राहते, त्यामुळे काही अंक गहाळ असले तरी एखाद्यात ती भेटतेच. मात्र ही वाट मुख्यतः पुरुषांसाठी. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता ठेवता येईल असा कायदा न्यूयॉर्कमध्ये १८४८ साली झाला. त्याआधी तिच्या नावाने नोटीस निघायचं कारणच फारसं नसे.

लग्नाचा पुरावा देणारी आणखी एक जाहिरात वाचताना मन विषण्ण होतं. माझी बायको घर सोडून गेली आहे, तिला कोणी उधार देऊ नये, मी फेडणार नाही, असं नवरा नावानिशी छापत असे. क्वचित पुढच्या अंकात बायकोचं उत्तर येई, की घर त्याचं कधी नव्हतंच आणि मारहाण मात्र होती. विवाहवार्ता न छापलेली जोडपी इथे सापडतात.

१८७० नंतर वाड्यावस्त्यांचे बातमीदार दर आठवड्याला पत्र लिहू लागले. कोण आजारी, कोणाकडे पाहुणे, लग्नात काय काय भेटी आल्या, सगळं त्यात असे. तेव्हा औपचारिक वार्तेपेक्षा हेच रकाने भरघोस. त्याखेरीज धर्मपंथांची साप्ताहिकं पाहा. मेथडिस्टांचं ‘ख्रिश्चन अॅडव्होकेट’ १८२६ पासून निघत होतं आणि दूरच्या खेड्यातल्या सभासदांच्या निधनवार्ता त्यात येत.

कोण छापलं गेलं नाही

या रकान्यांत सगळं गाव नाही. गुलामगिरीत असलेल्यांच्या लग्नांना कायद्याची मान्यताच नव्हती, त्यांची वार्ता कोण छापणार? मजूर, नवे स्थलांतरित, तान्ही मुलं हे सगळे एक तर नाहीतच, किंवा ‘अमक्याचं मूल’ एवढेच. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या लोकांनी विकल्या गेलेल्या आईबापांच्या, मुलांच्या शोधासाठी जाहिराती दिल्या. फिलाडेल्फियाच्या ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’ या आफ्रिकन मेथडिस्ट पत्रात त्या मोठ्या संख्येने आहेत. एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाचा शोध घेत असाल तर गावच्या पत्राआधी तिकडे जा. या जाहिरातींत मालकांची नावं, गावं आणि ताटातुटीचं साल असतं, जे दुसऱ्या कुठल्याही कागदात एकत्र मिळत नाही.

पायरी ७: नोंदवा आणि ताडून पाहा

वार्ता जशीच्या तशी, चुकांसकट उतरवून घ्या. पत्राचं पूर्ण नाव, गाव, अंकाची तारीख, पान आणि रकाना लिहा. घटनेची तारीख आणि छापल्याची तारीख वेगवेगळ्या ठेवा, कारण दोन्हीत दोन दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत अंतर असू शकतं. पानाचं चित्र साठवताना वार्ता कापून घेऊ नका, अख्खं पान ठेवा. मग कबरीवरचा मजकूर, चर्चची वही, जनगणना आणि मृत्युपत्रं यांच्याशी मेळ घाला. दगडावरची तारीख कोरली म्हणून खरी असं नसतं. कित्येक दगड वीस-तीस वर्षांनी नातवंडांनी उभारलेले असतात. अशा वेळी त्याच आठवड्यात छापलेल्या पत्राला मी जास्त वजन देतो.

सरावासाठी दोन माणसं

पहिला गॉर्डन हॉल. मॅसॅच्युसेट्सचा हा पाद्री फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आला आणि मार्च १८२६ मध्ये नाशिकहून परतताना वाटेत कॉलऱ्याने गेला. शिडाच्या जहाजाने ही बातमी न्यू इंग्लंडला पोहोचायला चार-पाच महिने तरी लागणार, म्हणून १८२६ चा उन्हाळा संपता संपता सुरुवात करा आणि वर्षाअखेरपर्यंत मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटची साप्ताहिकं पाहा. आधी बॉस्टनची धार्मिक पत्रं, मग खेड्यांतली, आणि मजकूर कोणी कोणाकडून उचलला ते तारखांवरून लावा.

दुसरी आपली आनंदीबाई जोशी. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झालेली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेलेली. अमेरिकेत ती न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिली होती, आणि तिच्या अस्थी त्याच कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या. मार्च १८८७ पासून पुढे हडसन खोऱ्यातली आणि न्यू जर्सीतली पत्रं उघडा. आडनाव ती स्वतः शेवटी दोन ‘ई’ लावून लिहीत असे, तसं एकदा शोधा. ‘आय’ लावून शोधा. मग नुसतं ‘हिंदू’ आणि ‘लेडी डॉक्टर’ एवढंच टाका, कारण परक्या नावाचं खिळे जुळवणाऱ्याने काय केलं असेल ते आधी सांगता येत नाही.